यादीतलं नाव आणि रकान्यातली नोंद



विहाराच्या स्मरणिकेत धम्मावर, बाबासाहेबांच्या चळवळीवर, आपल्या वस्तीच्या घडणीवर लेख येतात आणि ते यायलाच हवेत. मी मात्र या खेपेला एका कोरड्या वाटणाऱ्या विषयावर लिहिणार आहे. विषय आहे नोंदीचा. कोरडा यासाठी म्हटलं की त्यात रजिस्टर आहे, रकाना आहे, शेरा आहे, कारकुनाची सही आहे. पण याच कोरड्या कागदावर आपल्या समाजाची तीस-पस्तीस वर्षं अडली होती, हे किती जणांना ठाऊक आहे?

सरकारदरबारी आपल्या नावाच्या दोन जागा आहेत. पहिली जागा म्हणजे यादी. अनुसूचित जाती म्हणजे सूचीत नाव असलेल्या जाती. ही सूची छापील आहे, बंद आहे, तिच्यात एक अक्षर बदलायचं तर संसदेला कायदा करावा लागतो. दुसरी जागा म्हणजे रकाना. शाळेच्या रजिस्टरातला, कोतवाल बुकातला, जनगणनेच्या तक्त्यातला, कधी नुसता ‘शेरा’ म्हणून सोडलेला. हा रकाना उघडा असतो. मास्तर, कोतवाल, प्रगणक यांच्या मनात येईल ते, त्यांच्या कानाला ऐकू येईल तसं, त्यात लिहिलं जातं. माणसाला हक्क मिळतो तो या दोन जागी लिहिलेलं एकमेकांशी जुळलं तर. जुळलं नाही तर माणूस जिवंत उभा असूनही हिशेबात नसतो. या जुळणीचा इतिहास हा आपल्या हक्काचाच इतिहास आहे.

रजिस्टरातली एक नोंद

आपल्याला सर्वांत प्रिय असलेली नोंद साताऱ्याच्या शाळेत आहे. ७ नोव्हेंबर १९०० रोजी तिथल्या सरकारी हायस्कुलात, म्हणजे आजच्या प्रतापसिंह हायस्कुलात, पहिल्या इंग्रजी इयत्तेत एका मुलाचं नाव दाखल झालं. रजिस्टरचा क्रमांक १९१४, नाव भिवा रामजी आंबेडकर. हा दिवस महाराष्ट्रात २०१७ पासून विद्यार्थी दिवस म्हणून पाळला जातो.

या एका नोंदीत आपल्या विषयाचा पहिला धडा आहे. घराण्याचं मूळ आडनाव सकपाळ. गाव रत्नागिरी जिल्ह्यातल्या मंडणगड तालुक्यातलं आंबडवे, त्यावरून आंबडवेकर आणि पुढे आंबेडकर. सकपाळ हे आडनाव मराठा समाजातही आहे. म्हणजे नुसतं आडनाव वाचून जात ठरवू म्हणणारा माणूस बाबासाहेबांच्या बाबतीतसुद्धा फसला असता. गायकवाड घ्या. बडोद्याचे महाराज गायकवाड आणि आपले कर्मवीर दादासाहेबही गायकवाड. जाधव, मोरे, पवार, शिंदे, साळुंके ही आडनावं चार-चार समाजांत सापडतात. आजही कारखान्यात नवा माणूस लागला की लोक आडनाव विचारून अंदाज बांधतात. सामाजिक रोग म्हणून तो अंदाज आहेच, पण हिशेब म्हणूनही तो चुकीचा आहे. आडनावांची यादी म्हणजे जातींची यादी नव्हे.

यादी कशी तयार झाली

इंग्रजांनी १८७२ पासून जनगणना सुरू केली आणि जातीही विचारल्या. ज्यानं जे सांगितलं ते लिहिलं. नंतर अधिकारी बसून त्याची वर्गवारी करत. सर्व जातींची मोजणी करून ती छापली गेली अशी शेवटची जनगणना १९३१ ची. त्या वेळी हटन हे जनगणना आयुक्त होते. अस्पृश्यांसाठी त्यांनी ‘बाह्य जाती’ असा शब्द वापरला. कोणाला बाह्य म्हणायचं हे ठरवायला देवळात प्रवेश आहे का, विहिरीवर पाणी भरू देतात का, न्हावी हजामत करतो का, असे प्रश्न पुढे आले.

याच काळात मुंबई सरकारने १९२८ साली स्टार्ट समिती नेमली. बाबासाहेब तिचे सभासद होते आणि १९३० साली तिचा अहवाल आला. पुढे १९३२ साली मताधिकार ठरवायला लोथियन समिती आली, तिच्यातही बाबासाहेब होते. तोपर्यंत अस्पृश्यांची संख्या किती यावर कोणी फारसं भांडत नव्हतं. पण संख्येवर प्रतिनिधित्व मिळणार हे दिसताच संयुक्त प्रांत, बिहार अशा प्रांतांतून आकडा लहान दाखवण्याची धडपड सुरू झाली. काल ज्याची सावली चालत नव्हती तो आज अस्पृश्यच नाही असं सांगितलं जाऊ लागलं! बाबासाहेबांनी समितीला वेगळं टिपण जोडून याचा समाचार घेतला. आकडा म्हणजे सत्तेतला वाटा, हे त्यांना पक्कं ठाऊक होतं.

२४ सप्टेंबर १९३२ रोजी आपल्या शेजारच्या येरवड्यात पुणे करार झाला. त्यात प्रांतिक कायदेमंडळांत १४८ राखीव जागा ठरल्या. आता जागा कोणासाठी, हे नेमकं सांगणारी यादी हवी होती. ती १९३६ सालच्या अनुसूचित जाती आदेशाने आली. स्वातंत्र्यानंतर राष्ट्रपतींचा आदेश निघाला १० ऑगस्ट १९५० रोजी. आजही जातीचा पुरावा मागताना याच तारखेकडे बोट दाखवतात.

या यादीत महाराष्ट्रासाठी आज ५९ नोंदी आहेत. सदतिसावी नोंद अशी: महार, मेहरा, तराळ, धेगू मेगू. शेहेचाळिसावी मांग, मातंग आणि त्यांच्या जोडीची नावं. अकरावी भांबी, चांभार, मोची, रोहिदास अशी लांबलचक. सदतिसावी नोंद नीट वाचा. तराळ आहे, पण त्याच कामाचं दुसरं नाव असलेला वेसकर नाही. सोमवंशी, लाडवण, आंदवण, बावणे ही आपल्या लोकांच्या तोंडात असलेली पोटजातींची नावं नाहीत. आणि ‘धेगू मेगू’ हे नाव आपल्यापैकी किती जणांनी आयुष्यात ऐकलं असेल? यादी करणाऱ्यांनी जे ऐकलं ते तिथं आहे, आणि जे ऐकलं नाही ते नाही.

रकाना कोण भरत होतं?

आता दुसऱ्या बाजूला या. जुन्या शाळेच्या रजिस्टरात ‘महार’ आहे, ‘म्हार’ आहे, ‘हिंदू महार’ आहे. कुठं ‘अस्पृश्य’, कुठं ‘हरिजन’ एवढंच आहे. इंग्रजी फौजेच्या जुन्या कागदांत ‘परवारी’ भेटतो. गावच्या कोतवाल बुकात जन्ममृत्यूच्या नोंदीपुढे कोणी जात लिहिली, कोणी नुसतं ‘वेसकर’ लिहिलं. मराठवाड्यातून आलेल्या आपल्या बांधवांची अडचण तर आणखी वेगळी. १७ सप्टेंबर १९४८ पर्यंत तिथं निजामाची राजवट होती आणि बरंचसं दप्तर उर्दूत. पन्नास सालापूर्वीचा पुरावा काढायचा तर आधी उर्दू जाणणारा शोधावा लागतो.

आणि पन्नास सालापूर्वी आपली किती पोरं शाळेत होती? ज्यांना वर्गाबाहेर बसवलं, शाळेचं तोंड पाहू दिलं नाही, त्यांच्याच नातवाकडे आज शाळेचा दाखला मागितला जातो. ज्यांना जमीन नव्हती त्यांच्याकडे सातबारा मागितला जातो. ज्यांच्याकडे महार वतन होतं त्यांना त्यातल्या त्यात आधार मिळतो. १९५८ च्या कायद्याने कनिष्ठ गावकामगारांची वतनं खालसा झाली. पण वतनाचे फेरफार, ‘वर्ग ६ ब’ असा उल्लेख, इतर हक्काच्या रकान्यातली ‘महार वतन’ अशी ओळ, हे कागद आजही जातीचा पुरावा म्हणून उपयोगी पडतात. वतन ही बाबासाहेबांनी म्हटल्याप्रमाणे गुलामीच होती. पण गुलामीचा कागद फाडून टाकू नका, नातवाला तो लागेल.

छप्पन्न साल आणि हरवलेले लाखो

देहूरोडला २५ डिसेंबर १९५४ रोजी बाबासाहेबांनी रंगूनहून आणलेल्या बुद्धमूर्तीची स्थापना केली. हे आपल्या भागाचं भाग्य. पुढे १४ ऑक्टोबर १९५६ रोजी नागपूरला धम्मदीक्षा झाली. लाखो लोकांनी एका दिवसात जुनं नाव टाकलं आणि ‘आम्ही बौद्ध’ असं सांगितलं. जगाच्या इतिहासात अशी घटना विरळा.

जनगणनेच्या तक्त्यात त्याचा पडसाद असा उमटला. आजच्या महाराष्ट्राच्या मुलखात १९५१ साली बौद्ध होते अवघे २,४८७. १९६१ साली ते झाले २७,८९,५०१. सबंध देशात १ लाख ८१ हजारांच्या आसपास होते ते ३२ लाख ५० हजारांवर गेले. आपण धर्माचा रकाना जिंकला.

पण यादीच्या आदेशात तिसरं कलम होतं. १९५० च्या आदेशाप्रमाणे, पंजाबातल्या चार शीख जाती सोडल्या तर, हिंदू धर्माखेरीज दुसरा धर्म मानणारा माणूस अनुसूचित जातीचा धरला जात नसे. १९५६ साली सर्व शीख दलितांना त्यात घेतलं, बौद्धांना नाही. म्हणजे प्रगणकानं धर्मापुढे ‘बौद्ध’ लिहिलं की जातीचं नाव यादीशी जुळवून पाहायचंच नाही असा नियम. महारवाड्यातली तीच झोपडी, गावाबाहेरची तीच विहीर, अत्याचार तोच, पण हिशेबातून माणूस गेला.

याचा फटका नुसत्या आकड्याला बसला नाही. नागपुरातल्या एका राखीव मतदारसंघातून १९६२ साली निवडून आलेले आमदार मेश्राम यांच्या निवडीविरुद्ध दावा झाला. पंजाबराव विरुद्ध मेश्राम या नावाने तो कायद्याच्या पुस्तकांत आहे. मेश्राम यांनी बौद्ध धम्म स्वीकारल्याचं जाहीर केलं होतं, म्हणून ते अनुसूचित जातीचे राहिले नाहीत, असं सर्वोच्च न्यायालयाने ठरवलं. धम्म खरा मानला म्हणून आमदारकी गेली!

महाराष्ट्र राज्याने मात्र १ मे १९६० पासून धर्मांतरित बौद्धांना राज्याच्या सवलती चालू ठेवल्या. त्यातून ‘नवबौद्ध’ हा सरकारी शब्द रूढ झाला, आणि सरकारी योजनांच्या नावांत ‘अनुसूचित जाती व नवबौद्ध’ ही जोडी कायमची बसली. राज्याच्या शाळा-कॉलेजांत, राज्याच्या नोकऱ्यांत आपल्या मुलांना आधार मिळाला तो या निर्णयाने. केंद्राच्या नोकऱ्या आणि राखीव मतदारसंघ मात्र बंदच होते.

मग तीस वर्षं मोर्चे, निवेदनं, धरणी. बाबासाहेबांच्या जन्मशताब्दीच्या तोंडावर, १९९० साली, विश्वनाथ प्रताप सिंह यांच्या सरकारने कायदा केला आणि तिसऱ्या कलमात हिंदू, शीख यांच्या जोडीला ‘बौद्ध’ हा शब्द आला. शब्द एकच. त्याचा परिणाम पाहा. महाराष्ट्रात अनुसूचित जातींची लोकसंख्या १९८१ साली होती सुमारे ४४ लाख ८० हजार, म्हणजे शेकडा ७.१. १९९१ साली ती झाली सुमारे ८७ लाख ५८ हजार, शेकडा ११.१. दहा वर्षांत आपल्या घरी दुप्पट मुलं जन्मली का? नाही. माणसं तीच होती. जुळवण्याचा नियम बदलला आणि हरवलेली माणसं हिशेबात परत आली.

राखीव जागा घटनेच्या ३३० आणि ३३२ कलमांप्रमाणे लोकसंख्येवर ठरतात. १९७१ च्या जनगणनेवर आधारलेल्या मतदारसंघांत महाराष्ट्र विधानसभेत अनुसूचित जातींच्या जागा १८ होत्या. २००१ च्या जनगणनेवर २००८ साली नवी रचना झाली तेव्हा त्या २९ झाल्या. लोकसभेच्या ३ होत्या त्या ५ झाल्या. आणि त्या २९ मधली एक आपल्या दाराशी आहे. पिंपरी विधानसभा मतदारसंघ त्याच रचनेत तयार झाला, अनुसूचित जातीसाठी राखीव झाला, आणि २००९ साली तिथं पहिली निवडणूक झाली. आज त्या जागेसाठी आपले तरुण कोणत्या पक्षाचा झेंडा घेऊन भांडतात हा वेगळा विषय. पण त्या जागेच्या मुळाशी कायद्यातला एक शब्द आणि जनगणनेच्या रकान्यातली लाखो घरांची नोंद आहे, हे त्यांना माहीत असावं.

औद्योगिक पट्ट्यातली तिसरी पिढी

पिंपरीला १९५४ साली हिंदुस्थान अँटिबायोटिक्स उभी राहिली. साठ सालानंतर औद्योगिक विकास महामंडळ आलं, मोटारींचे कारखाने आले. बहात्तरच्या दुष्काळानं मराठवाडा, सोलापूर, नगरकडची कुटुंबं इकडे लोटली. नव्वद सालानंतर चाकणची माळरानं कारखान्यांनी भरली. माणूस आला तो पत्र्याची पेटी घेऊन, आणि कागद राहिले गावाला. आजोबांची नोंद एका जिल्ह्यात, बापाचा शाळेचा दाखला दुसरीकडे, पोराचा जन्म महापालिकेच्या दवाखान्यात.

विहारात दाखल्यांच्या कामासाठी लोक येतात तेव्हा एकाच घरात तीन पिढ्यांच्या तीन नोंदी दिसतात. आजोबा ‘म्हार’, वडील ‘बौद्ध’, नातू ‘नवबौद्ध’. एखाद्या दाखल्यावर ‘हिंदू-बौद्ध’ असाही चमत्कार असतो. घर एक, रक्त एक, पण कागदावर तीन माणसं. महाराष्ट्राचा जात प्रमाणपत्र पडताळणीचा कायदा १८ ऑक्टोबर २००१ पासून लागू झाला. जात सिद्ध करण्याची जबाबदारी त्या कायद्याने अर्जदारावर टाकली आहे. त्याआधी १९९४ साली माधुरी पाटील खटल्यात सर्वोच्च न्यायालयाने पडताळणी समिती आणि दक्षता पथकाची पद्धत घालून दिली होती. खोटे दाखले काढून खऱ्याचा घास हिरावणारे आहेत, म्हणून पडताळणी हवीच. पण खऱ्या माणसाचा कागद जुळत नसेल तर प्रवेशाची मुदत जाते, आणि पोर घरी बसतं.

एका अक्षराची किंमत

कोणी म्हणेल, एवढं काय, अक्षर इकडचं तिकडं झालं तर साहेब समजून घेतील. न्यायालयं काय म्हणतात ते ऐका. हलबा-कोष्टी समाजाच्या प्रकरणात, महाराष्ट्र राज्य विरुद्ध मिलिंद या खटल्यात, सर्वोच्च न्यायालयाने २००० साली सांगितलं की यादी जशी आहे तशीच वाचायची, तिच्यात नाव वाढवायचा अधिकार न्यायालयालाही नाही, फक्त संसदेला आहे.

अनुसूचित जमातींच्या यादीत ‘ओरांव, धनगड’ अशी नोंद आहे. धनगर समाज म्हणतो तो धनगड म्हणजे आम्हीच. ‘ड’ आणि ‘र’ या एका अक्षरासाठी वर्षानुवर्षं आंदोलन चाललं, आणि मुंबई उच्च न्यायालयाने २०२४ साली ती मागणी मान्य केली नाही. यादीत ‘गोंड गोवारी’ आहे. गोवारी समाजाने त्यासाठी नागपूरला २३ नोव्हेंबर १९९४ रोजी मोर्चा काढला आणि चेंगराचेंगरीत ११४ माणसं गेली. २०२० साली सर्वोच्च न्यायालयाने गोवारी आणि गोंड गोवारी एक नव्हेत असं ठरवलं. या समाजांच्या मागण्यांचा न्याय-अन्याय मी इथं करत नाही. यादीतलं एक अक्षर माणसाच्या जिवाएवढं जड असतं, एवढंच सांगायचं आहे.

अलीकडे, २०२३ पासून, न्यायमूर्ती शिंदे समितीने कुणबी नोंदी शोधायला सबंध राज्याचं जुनं दप्तर उघडलं. मोडी वाचणारे, उर्दू वाचणारे शोधून आणले. ‘नोंद सापडली का?’ हा प्रश्न घराघरात गेला. जे काम आपण गरिबीत, एकेकट्यानं, तालुक्याला खेपा घालून करत आलो, त्याचं मोल आता सगळ्या महाराष्ट्राला कळलं.

यंत्र आलं, गोंधळ वाढला

आता संगणकाचं युग. तरुण म्हणतात, संगणक क्षणात जुळवून देईल. देईल खरा, पण त्याचा स्वभाव ओळखायला हवा. माणूस ‘म्हार’ वाचून ‘महार’ समजतो. यंत्राला ती दोन वेगळी नावं. अनुस्वार गेला, जोडाक्षर तुटलं, इंग्रजी अक्षरांतून मराठी नाव लिहिलं की नावाची आणखी चार रूपं होतात.

बरं, सैल सोडून शोधायला सांगितलं, की ही अक्षरं जिथं दिसतील तिथली नोंद काढ, तर उलटा घोटाळा. ‘महार’ शोधायला जावं तर ‘महाराष्ट्र’ सापडतो आणि ‘महाराज’ही सापडतात! ‘कोळी’ शोधावं तर ‘महादेव कोळी’ही हाती येतो, पण यादीत महादेव कोळी वेगळे. म्हणजे फार घट्ट जुळवलं तर खरा माणूस सुटतो, फार सैल जुळवलं तर भलताच आत येतो. यावर उपाय एकच. जाणकार माणसांनी बसून एकेका नावाची जितकी रूपं लोकांच्या तोंडी आहेत त्यांची जोडयादी आधी करायची, मग यंत्राला द्यायची, आणि जे जुळत नाही ते पुन्हा माणसानं डोळ्याखालून घालायचं.

हे न केल्याने काय होतं ते २०११ च्या सामाजिक, आर्थिक व जात गणनेने दाखवलं. प्रगणकाला जातींची तयार यादी दिली नव्हती. सांगितलं ते टिपायचं असा प्रकार. कोणी जात सांगितली, कोणी पोटजात, कोणी आडनाव, कोणी कूळ. केंद्र सरकारने सप्टेंबर २०२१ मध्ये सर्वोच्च न्यायालयात प्रतिज्ञापत्र दिलं त्यात आकडे आहेत. १९३१ साली देशात जाती मोजल्या गेल्या ४,१४७, आणि या गणनेत नावं निघाली ४६ लाखांच्या वर! आपल्या महाराष्ट्रात सरकारी याद्यांतल्या जाती-जमाती ४९४, आणि गणनेत नावं निघाली ४,२८,६७७. त्यातली जवळजवळ सगळीच अशी की एका नावाखाली शंभर माणसंही नाहीत. वर्गवारीसाठी २०१५ साली अरविंद पनगढिया यांच्या अध्यक्षतेखाली समिती जाहीर झाली, पण जातींचे आकडे काही बाहेर आले नाहीत. महाराष्ट्राने इतर मागासवर्गीयांच्या राजकीय आरक्षणासाठी ते मागितले होते. डिसेंबर २०२१ मध्ये न्यायालयाने राज्याची याचिका फेटाळली. कोट्यवधी घरांची दारं ठोठावून गोळा केलेली माहिती नावं जुळली नाहीत म्हणून पडून राहिली.

दारावर थाप पडेल तेव्हा

केंद्र सरकारने ३० एप्रिल २०२५ रोजी पुढच्या जनगणनेत सर्व जातींची गणना करण्याचा निर्णय घेतला. त्या जनगणनेची संदर्भ तारीख १ मार्च २०२७ ठरली आहे. म्हणून हा लेख.

२०११ च्या जनगणनेत महाराष्ट्रात बौद्ध ६५ लाख ३१ हजार. त्यांतले अनुसूचित जातीत मोजले गेले ते सुमारे ५२ लाख. उरलेले १३ लाख कुठं गेले? त्यांत काही दुसऱ्या समाजांतून धम्मात आलेले असतील, काही दुसऱ्या राज्यांतून आलेले असतील, कारण यादी राज्यागणिक वेगळी आहे. पण माझ्या मते त्यांतले पुष्कळ असे की ज्यांनी जात विचारल्यावर अभिमानाने ‘बौद्ध’ असंच सांगितलं. यादीत ‘बौद्ध’ नावाची जात नाही. ‘हरिजन’, ‘दलित’, ‘अनुसूचित जाती’ असं मोघम सांगूनही चालत नाही, नेमकं नाव लागतं.

इथं स्वाभिमानाचा प्रश्न येतो आणि तो खरा आहे. ‘जे नाव नागपूरला टाकलं ते पुन्हा तोंडाने का घ्यायचं?’ असं अनेक उपासक विचारतात. त्यांना माझं नम्र उत्तर असं. धर्माचा रकाना हा आपल्या श्रद्धेचा आहे, तिथं ‘बौद्ध’ सोडून काहीही लिहायचं नाही. जातीचा रकाना हा समाजाने आपल्यावर केलेल्या अन्यायाचा आहे. दवाखान्यात जखम दाखवली म्हणून कोणी जखमेचा अभिमान बाळगतो असं होत नाही. दाखवली नाही तर औषध मात्र मिळत नाही. बाबासाहेबांनी स्टार्ट समितीपुढे, लोथियन समितीपुढे अस्पृश्यांचा आकडा मांडला तो अस्पृश्यता जपण्यासाठी नव्हे, तोडण्यासाठी.

तेव्हा कामं अशी आहेत. प्रगणक आला की धर्म ‘बौद्ध’ आणि जात यादीतल्या अक्षरांत सांगा, आणि त्याने काय टिपलं ते वाचून दाखवायला लावा. घरातल्या तीन पिढ्यांचे दाखले एका पिशवीत नीट ठेवा. गावाकडच्या जुन्या शाळेतून, तहसीलमधून आजोबा-पणजोबांच्या नोंदींच्या नकला म्हातारी माणसं हयात आहेत तोवर काढून आणा, कारण कोणत्या गावी, कोणत्या नावाने शोधायचं हे त्यांनाच ठाऊक आहे. पोराचं नाव शाळेत घालताना रकान्यात काय लिहिलं हे त्याच दिवशी पाहा. शाळा सुटल्यावर ती नोंद बदलणं फार अवघड. आणि विहाराने एक वही करावी. आपल्या भागातल्या कुटुंबांची मूळ गावं, जुनी-नवी आडनावं, दप्तरात सापडणारी जातीची वेगवेगळी रूपं तिच्यात लिहावीत. संगणक शिकलेल्या पोरांनी ती त्यात घालावी.

पन्नास सालापूर्वी आपली नोंद दुसऱ्यांनी केली. त्यांना हवी तशी केली, नको तिथं केली नाही. आज लेखणी आपल्या हातात आहे, कारण एका माणसानं ती आपल्या हातात दिली. रकाना आता आपल्यासमोर भरला जाणार आहे, तेव्हा आपण तिथं डोळे उघडे ठेवून उभं राहिलं पाहिजे.

नमो बुद्धाय! जय भीम!